एका पेनीपासून: ब्रिटनमधल्या आरोग्य संशोधनाच्या पैशाची पार्श्वभूमी

१९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला. आजारी कामगाराला उपचार आणि भत्ता मिळावा म्हणून केलेल्या या कायद्यात एक छोटी तरतूद होती: दर विमाधारकामागे वर्षाला एक पेनी संशोधनासाठी काढून ठेवायची. तेव्हा क्षयाने घरेच्या घरे उजाड होत होती, आणि ही तरतूदही क्षयाच्या निमित्तानेच झाली. पेनी-पेनीने वर्षाला सुमारे ५७ हजार पौंड जमत. ते कसे खर्चायचे हे ठरवायला १९१३ मध्ये समिती नेमली गेली. १९२० मध्ये तिचीच मेडिकल रिसर्च कौन्सिल झाली.

दरम्यान १९१८ मध्ये हाल्डेन समितीने पुढे पायंडा पडावा असे मत मांडले. व्यापक उपयोगाचे संशोधन मंत्र्यांच्या खात्यांपासून वेगळे, स्वायत्त मंडळांकडे असावे. विज्ञानाला राजकारणाचा धक्का लागू नये म्हणून हे गरजेचेच होते. पण त्यामुळे रुग्णसेवा चालवणारे आणि संशोधनाचे प्रश्न निवडणारे वेगवेगळ्या घरांत राहू लागले.

ही दोन घरे एकत्र आली की काय घडते, हे क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या १९४७ च्या चाचणीत दिसले. युद्धानंतर डॉलरची चणचण होती, त्यामुळे अमेरिकेतून येणारे औषध सगळ्यांना पुरणार नव्हते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद लिफाफ्यांची पद्धत आखली. रुग्ण चाचणीत घ्यायचे पक्के झाल्यावरच त्याचा लिफाफा फोडायचा. औषध की नुसती अंथरुणातली विश्रांती, हे आतले कार्ड सांगणार. डॉक्टरच्या ममतेला वा अंदाजाला तिथे वाव नव्हता. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, न घेतलेल्या ५२ पैकी १४.

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अशा चाचण्यांसाठी याहून मोठे मैदान कुठे मिळणार? पण कोणती शस्त्रक्रिया खरोखर गुणकारी, रुग्णाला किती दिवस खाटेवर ठेवायचे, असल्या प्रश्नांना वाली नव्हता. प्रयोगशाळेला ते किरकोळ वाटत, औषध कंपनीला त्यात नफा नव्हता. १९७१ मध्ये सरकारचे धोरण सल्लागार लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांनी उपाय सुचवला: ज्या खात्याला उत्तर हवे त्याने मागणी नोंदवावी आणि पैसे मोजावेत. त्याप्रमाणे कौन्सिलचा काही निधी आरोग्य खात्यांकडे वळवला गेला, आणि दहाएक वर्षांत परतही गेला. नुसता पैसा हलवून भागत नाही. प्रश्न नेमका मांडणारी माणसेही खात्यात लागतात.

१९८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने या दुर्लक्षावर स्पष्ट बोट ठेवले. १९९१ मध्ये मायकेल पेकहॅम आरोग्य सेवेचे पहिले संशोधन संचालक झाले आणि सेवेच्या खर्चापैकी दीड टक्का संशोधनावर जावा असे उद्दिष्ट ठरले. तेव्हाच नवी अडचण उभी राहिली. सेवेत अंतर्गत बाजारपेठ आली होती, रुग्णालये एकमेकांशी दरात स्पर्धा करू लागली होती. जिथे संशोधन चाले तिथला खर्च जास्त, म्हणजे तेच मागे पडणार! मुळात संशोधनावर नेमके किती जाते हेच कळत नव्हते, कारण तो पैसा शिक्षणाच्या आणि उपचारांच्या खर्चात मुरलेला होता. १९९४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अँथनी कल्यर यांच्या समितीने तो वेगळा काढून एकाच उघड प्रवाहात आणायला सांगितले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम हेच, जरी ते हिशेबनिसाचे वाटले तरी.

तरीही बराच पैसा जुन्याच मोठ्या रुग्णालयांकडे सवयीने जात राहिला. २००६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा कुठे तो स्पर्धेतून वाटला जाऊ लागला आणि रुग्णालयांमध्ये संशोधन परिचारिकांचे जाळे उभे राहिले.

मार्च २०२० मध्ये कोविडवरची ‘रिकव्हरी’ चाचणी सुरू झाली ती याच जाळ्यावर. १६ जूनला निष्कर्ष जाहीर झाला: डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. औषध अनेक दशके वापरातले, स्वस्त आणि पेटंट संपलेले होते.