तांदळाच्या देशातलं पिठाचं खाणं

कोरियाला निघालेल्या माणसाला जे पदार्थ ‘चुकवू नका’ म्हणून सांगितले जातात, त्यांतले बरेचसे वाटतात तेवढे जुने नाहीत. लालभडक रश्शातली तोकबोक्की, रामयॉन म्हणजे झटपट शेवया, सॉसेज घातलेला बुदे जिगे हा तिखट रस्सा यांचं आजचं रूप १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत घडलं. आणि ते घडवलं तांदळाच्या टंचाईनं. हे ठाऊक असलं की सोलच्या बाजारातली गाडी वेगळी दिसू लागते.

कोरिया हा भात खाणारा देश. गहू तिथे पूर्वी थोडाच पिकायचा, त्यामुळे शेवया लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या पंगतीला. १९५० ते ५३ च्या युद्धानं शेती उद्ध्वस्त केली, लाखो माणसं उत्तरेकडून दक्षिणेत आली आणि पोट भरण्यासाठी उरलं ते अमेरिकेतून मदत म्हणून येणारं गव्हाचं पीठ. १९५४ च्या ज्या ‘पीएल ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली हे धान्य येत होतं, त्याच कायद्याखाली १९५६ पासून भारतातही गहू उतरू लागला. रेशनच्या दुकानातला तो गहू आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या अजून लक्षात आहे. आपल्याकडे त्याची पोळीच झाली. कोरियात पोळीची सवय नव्हती, म्हणून पिठाला नव्या वाटा शोधाव्या लागल्या.

तोकबोक्कीचंच पाहा. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, बोटाएवढे लांब रोल वळावेत तसं ‘तोक’ असतं. जोसन या जुन्या राजघराण्याच्या काळात ते सोया सॉस, गोमांस आणि भाज्यांबरोबर शिजवत. हा राजवाड्यातला, सौम्य चवीचा प्रकार, तिखटाचा त्यात मागमूस नाही. तो आजही काही उपाहारगृहांत मिळतो आणि तिखट न सोसणाऱ्यांनी आवर्जून मागावा. लाल तोकबोक्कीचं श्रेय मा बोक-रिम या बाईंना दिलं जातं. युद्ध संपलं त्या वर्षी, १९५३ मध्ये, त्यांनी सोलच्या सिंदांग-दोंग भागात रस्त्याकडेला गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, घालून तोक विकायला सुरुवात केली. चिनी हॉटेलात तोकचा तुकडा काळ्या सॉसमध्ये पडला, तो चवदार लागला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे तांदळाचं तोक महाग पडू लागलं तसं गव्हाच्या पिठाचं तोक आलं आणि पदार्थ शाळकरी मुलांच्या खिशाला परवडू लागला.

मिरचीही कोरियाची मूळची नव्हे. बहुतेक इतिहासकारांच्या मते ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे पोहोचली, आणि १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. पोर्तुगीज जहाजांमुळे ती गोव्यात उतरली, तसाच त्यांच्या व्यापाराचा हात जपानपर्यंतच्या तिच्या प्रवासात होता.

साठच्या दशकात सरकारनंच पीठ खाण्याची मोहीम उघडली. तांदूळ वाचवायचा होता. भातात बार्ली किंवा इतर धान्य मिसळा, पिठाचे पदार्थ खा, असा प्रचार सुरू झाला. बुधवारी आणि शनिवारी हॉटेलांना दुपारी भात वाढायची बंदी होती. शाळेत शिक्षक डबे उघडून भातात बार्ली आहे का ते बघायचे. मुलांच्या डब्यात डोकावणारं सरकार मला आजही अस्वस्थ करतं. पण शाळांभोवती उभी राहिलेली तोकबोक्की, तळणी आणि शेवयांची ‘बुनशिक’ दुकानं याच काळात फोफावली. १९६३ मध्ये साम्यांग कंपनीनं जपानी तंत्र घेऊन देशातली पहिली झटपट रामयॉन आणली. पुडी १० वॉनला होती. आधी लोकांना ती रुचेना, पण या मोहिमेनं तिला घराघरात नेलं.

बुदे जिगेमागची भूक अधिक उघडी आहे. सोलच्या उत्तरेला उईजोंग्बूमध्ये अमेरिकी सैन्याचा तळ होता. तिथून चोरूनमारून बाहेर आलेलं डबाबंद मांस आणि सॉसेज लोक किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, आणि गोचुजांगबरोबर उकळू लागले. हे मांस विकणं बेकायदा होतं. आज त्याच गावात या रश्शाची अख्खी गल्ली आहे आणि लोक त्यात हौसेनं रामयॉन आणि चीज घालतात.

चिनी धागा याहून जुना. १८८२ मध्ये चीनचं सैन्य कोरियात आलं, त्यामागोमाग व्यापारी आले आणि इंचॉन बंदरात वस्ती झाली. जजांगम्योन, म्हणजे काळ्या सॉसमधल्या शेवया, तिथल्याच. ‘गोंगह्वाचुन’ या जुन्या हॉटेलच्या इमारतीत २०१२ पासून या पदार्थाचं संग्रहालय आहे. होत्तोक ही सारण भरलेली पिठाची जाड पोळीही चिनी व्यापाऱ्यांबरोबर आली. कोरियन लोकांनी त्यात ब्राऊन शुगर, दालचिनी आणि दाणे भरून ते गोड केलं. बुसानच्या नांपो-दोंगमध्ये ते तव्यावर तळून, मधोमध कापून त्यात सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भरतात.

बुसान ही युद्धकाळातली तात्पुरती राजधानी. उत्तरेकडच्या निर्वासितांना आपलं नेंगम्योन, म्हणजे थंड शेवया, हवं होतं, पण त्यासाठी लागणारं बकव्हीट (कुट्टू) मिळेना. त्यांनी मदतीच्या पिठाच्या शेवया केल्या आणि मिलम्योन जन्मलं. उन्हाळ्यात बुसानला गेलात तर इतर काही राहिलं तरी चालेल, हे चुकवू नका.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की तोकबोक्कीच्या रश्शात बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो आणि माशाच्या वड्या तर हमखास असतात. सोलच्या ग्वांगजांग बाजारात मुगाचं बिंदेतोक समोर तळताना दिसेल. ते आपल्या धिरड्याच्या जवळचं वाटलं तरी त्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या. होत्तोक त्या मानानं सोयीचं.

सत्तरच्या दशकात ‘तोंगिल’ या नव्या वाणानं तांदूळ मुबलक झाला आणि पिठाची सक्ती सुटली. तरी काही तोकबोक्कीवाले अजून तांदळाचं आणि गव्हाच्या पिठाचं असं दोन्ही तोक ठेवतात. पिठाचं मऊ असतं आणि रस्सा चांगला मुरतो, तांदळाचं जास्त चिवट. ज्यांचं बालपण त्या शाळेबाहेरच्या दुकानांत गेलं, त्यांतले पुष्कळजण आजही पिठाचंच मागतात.