प्रयोगशाळेची एथ्नोग्राफी आणि अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम

दोन-तीन विद्याशाखा जिथे एकत्र येतात अशा अभियांत्रिकी क्षेत्रातली माणसे प्रत्यक्षात काम कशी करतात, कुठे अडतात आणि अडल्यावर काय करतात, हे त्यांच्यात दीर्घकाळ वावरून पाहायचे आणि जे दिसले त्याच्या आधारावर अभ्यासक्रम बांधायचा, अशी ही पद्धत आहे. तिचे सर्वांत सविस्तर उदाहरण अमेरिकेत अटलांटा येथे, जॉर्जिया टेक आणि एमरी विद्यापीठ यांच्या संयुक्त जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागात घडले. तत्त्वज्ञ आणि बोधविज्ञानाच्या अभ्यासक नॅन्सी नर्सेसियन आणि शिक्षणसंशोधक वेंडी न्यूस्टेटर यांनी हे काम उभे केले. या नोंदीत मुख्यतः त्याच कामाची माहिती आहे.

एथ्नोग्राफीला मराठीत मानवजातिवर्णन म्हणतात. हा शब्द ऐकला की दूरची बेटे, जमाती, त्यांचे विधी डोळ्यांसमोर येतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिलेल्या मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीपासून या शास्त्राची जी परंपरा सांगितली जाते, तिचा भर अशाच समाजांवर होता. पण पद्धत तीच ठेवून जागा बदलता येते. 1970 च्या दशकात फ्रेंच अभ्यासक ब्रूनो लातूर कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या जीवशास्त्राच्या संशोधनसंस्थेत जाऊन बसले आणि शास्त्रज्ञांचा दिवस कसा जातो ते त्यांनी टिपले. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणारी मुले पाहिली. तिथे ‘शिकवणे’ असे वेगळे काही जवळजवळ नव्हतेच, तरी मुले शिंपी होत होती. एडविन हचिन्स यांनी अमेरिकी नौदलाच्या जहाजावर दिशानिश्चिती कशी होते ते पाहिले आणि विचार एकट्याच्या डोक्यात होत नाही, माणसे आणि उपकरणे मिळून तो करतात, असे दाखवून दिले. अटलांटातल्या कामाची मुळे इथे आहेत.

जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा तो विभाग 1997 मध्ये स्थापन झाला. एक विद्यापीठ सरकारी आणि अभियांत्रिकीचे, दुसरे खाजगी आणि वैद्यकशाखा असलेले. पुढे विभागाला वॉलेस कूल्टर यांचे नाव मिळाले. रक्तपेशी मोजण्याची जी पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते, तिचे ते जनक. विभागापुढचा प्रश्न साधा वाटतो, पण तो अवघड होता. यंत्र, विद्युत, स्थापत्य या शाखांना शंभर वर्षांचा अभ्यासक्रम तयार मिळतो. जैववैद्यकीय अभियंता म्हणजे नेमका कोण? थोडे जीवशास्त्र, थोडे यंत्रशास्त्र, थोडी इलेक्ट्रॉनिक्स असे पेपर शेजारी शेजारी ठेवले की तो तयार होतो का? आंतरविद्याशाखीय म्हणवणारे बहुतेक अभ्यासक्रम याच मार्गाने जातात आणि सांधे जुळवायचे काम विद्यार्थ्यावर सोडतात. इथे मात्र ठरले असे, की या क्षेत्रातले काम जिथे चालते तिथे आधी जाऊन पाहायचे.

नर्सेसियन यांनी त्याआधी अनेक वर्षे विज्ञानाच्या इतिहासावर काम केले होते. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने विद्युतचुंबकीय क्षेत्राची समीकरणे कशी मांडली, हे त्यांनी त्याच्या लेखनातून उलगडले होते. पण चुकलेले प्रयत्न, शेजाऱ्याशी झालेले बोलणे, टेबलावरची खुडबुड कागदात फारशी उतरत नाही. ती जिवंत प्रयोगशाळेतच दिसते. त्यामुळे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मानवशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या संशोधकांचा गट विभागातल्या संशोधन प्रयोगशाळांत जाऊ लागला. सहभागी निरीक्षण, क्षेत्रनोंदी, ध्वनिमुद्रित मुलाखती, गटबैठकांना हजेरी, उपकरणांची आणि वह्यांची छायाचित्रे असा सारा ऐवज वर्षानुवर्षे जमत गेला. प्रयोगशाळांची नावे लेखनात दिलेली नाहीत, त्या अक्षरांनी ओळखल्या जातात.

त्यातली एक प्रयोगशाळा ऊती-अभियांत्रिकीची होती. खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसवता येईल अशी वाहिनी जिवंत पेशींपासून बनवायची, हे तिचे उद्दिष्ट. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर रक्ताचा प्रवाह सतत घासत जातो आणि त्या ताणाला पेशी प्रतिसाद देतात. माणसाच्या शरीरात हे पाहता येत नाही, म्हणून पेशींवरून पोषकद्रव ठरावीक वेगाने पंपाने फिरवणारी ‘फ्लो लूप’ नावाची यंत्रणा होती. आधीची यंत्रणा अघळपघळ होती, तिच्यात जंतुसंसर्ग होऊन पेशी मरत. नंतर ती इन्क्युबेटरमध्ये मावेल अशी आटोपशीर करण्यात आली. नवा विद्यार्थी आला की त्याच्या हाती हा सारा वारसा येई. यंत्र अभियांत्रिकीतून आलेल्या मुलालाही पेशी वाढवायला शिकावेच लागे, कारण पेशी सुटीचा वार पाहत नाहीत. हे तो जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून, त्याचे हात पाहून शिके. प्रवाहाचे गणित आणि पेशीचे जीवशास्त्र त्या एका यंत्रणेत एकत्र नांदत होते. तिथल्या एका संशोधकाने आपले काम सांगताना म्हटले की आम्ही विचार टेबलावर मांडतो आणि तो चालतो का ते पाहतो. नर्सेसियन यांच्या लेखनात हे वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि ते योग्यच आहे. या क्षेत्रात प्रतिकृती (मॉडेल) हेच विचार करण्याचे साधन आहे, हे त्यात थोडक्यात आले आहे.

दुसरी प्रयोगशाळा चेता-अभियांत्रिकीची. उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी सुट्या करून इलेक्ट्रोडांची जाळी असलेल्या छोट्या बशीत वाढवायच्या, त्यांचे जाळे पुन्हा तयार झाले की त्याला काही ‘शिकवता’ येते का ते पाहायचे. पण बशीतले जाळे अधूनमधून आपोआप एकदम पेटून उठे. या ‘बर्स्ट’मुळे शिकवण्याचा सारा प्रयत्न पुसला जाई. गटाने बराच काळ बर्स्टला अडथळा, निव्वळ गोंगाट मानले आणि तो शांत करण्याचे उपाय शोधले. याच काळात गटातल्या एका विद्यार्थ्याने जाळ्याची संगणकीय प्रतिकृती रचली. बशीतून प्रत्येक इलेक्ट्रोडचे वेगळे आकडे तेवढे मिळत. पडद्यावर मात्र बर्स्ट जाळ्यातून सरकताना दिसू लागला. तो कसाही पसरत नव्हता, ठरावीक वाटांनी जात होता. गटाने त्या हालचालीचे मध्यबिंदू मोजण्याची रीत काढली, ती खऱ्या बशीला लावली आणि ज्याला गोंगाट म्हटले होते त्यातच संकेत सापडला. प्रकरण वर्गात सांगितले तर पाच मिनिटांत संपेल. प्रत्यक्षात त्याला लागलेले महिने, गटातल्या तिघांचे वेगवेगळे अंदाज आणि मधली हताशा हेच शिकण्याचे खरे द्रव्य होते, आणि ते टिपायला कोणीतरी तिथे बसलेले असणे गरजेचे होते.

या निरीक्षणांतून शिकण्याची जागा म्हणून संशोधन प्रयोगशाळेचे चित्र स्पष्ट झाले. तिथे शिकणे गुंतागुंतीच्या प्रश्नाच्या गरजेतून होते. उतरंड सैल असते. सगळे येणारा तिथे कोणीच नसतो, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एखाद्या बाबतीत जाणकार ठरण्याची संधी मिळते. माणसांशी आणि उपकरणांशी जडलेल्या नात्यांतून ज्ञान वाढते. चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. अपयश तिथे रोजचे असते, आणि त्यातून उभे राहायला आधार देणारी माणसे जवळ असतात. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकाशी हे ताडून पाहावे. उत्तर आधीच ठाऊक, रीडिंग्ज मागच्या बॅचच्या जर्नलमधून, आलेख गुळगुळीत, सबमिशनच्या आदल्या रात्री सह्या. त्यात अडण्याची मुभाच नाही, मग अडल्यावर काय करावे हे शिकणार कधी?

अटलांटातल्या विभागाने समस्याधारित शिक्षणाचा, म्हणजे आधी प्रश्न हाती घेऊन तो सोडवता सोडवता शिकण्याच्या रीतीचा, आधार घेतला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत 1969 पासून ही रीत चालू होती. पण ती जशीच्या तशी उचलून भागणार नव्हते. डॉक्टर लक्षणांवरून निदानाकडे जातो, अभियंत्याला प्रतिकृती रचून त्यातून अनुमान काढावे लागते. प्रयोगशाळांत जे दिसले त्यावरून रीत बदलली गेली आणि प्रतिकृतींच्या आधारे होणारा विचार तिच्या केंद्रस्थानी आला. सुरुवातीच्या वर्षातच विद्यार्थी लहान गटांत, भिंतभर पांढरे फळे लावलेल्या छोट्या खोल्यांत बसू लागले. प्रश्न मोकळा, एका उत्तराचा नाही. सोबतचा शिक्षक उत्तर देत नाही, विचारतो: हे कशावरून? अजून काय माहीत करून घ्यायला हवे? सूत्रे, आकृत्या, खोडलेले अंदाज सगळे भिंतीवर राहत असल्याने गटाला आपला विचार समोर दिसतो. प्रात्यक्षिकेही बदलली. छापील कृती पाळण्याऐवजी विद्यार्थी प्रयोग स्वतः आखू लागले आणि फसल्यास पुन्हा आखू लागले. या कामासाठी 2019 मध्ये पॉल बेंकेसर, जोसेफ ल डू आणि न्यूस्टेटर यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे गॉर्डन पारितोषिक मिळाले.

पुढच्या टप्प्यात संहती जीवविज्ञानाच्या (सिस्टिम्स बायॉलॉजी, म्हणजे सजीवांतल्या घटकांचा सुटा नव्हे तर एकत्रित अभ्यास) प्रयोगशाळा पाहण्यात आल्या. इथले चित्र वेगळे होते. संगणकीय प्रतिकृती रचणारे बहुतेक अभियांत्रिकीतून आलेले, प्रयोग करणारे जीवशास्त्रातले, आणि एकाला लागणारी माहिती दुसऱ्याला गोळा करावीशी वाटेलच असे नाही. माहितीची वाट पाहण्यात महिने जात. दोन्ही बाजूंना परस्परांच्या कामाची जाण किती हवी, हा प्रश्न इथून पुढे आला, आणि एका क्षेत्राचा अभ्यासक्रम दुसऱ्याला तसाच लावता येत नाही हेही कळले.

पद्धतीच्या मर्यादा गंभीर आहेत. निरीक्षणाला वर्षे लागतात आणि निरीक्षकाला विज्ञान निदान बोलण्याइतके यावे लागते. पाहिलेल्या प्रयोगशाळा मोजक्या, साधनसंपन्न विद्यापीठातल्या, पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या. बहुतेक अभियंते मात्र कारखान्यात, रुग्णालयात, साइटवर जातात. आठ-आठ मुलांमागे एक मार्गदर्शक देणे साठच्या तुकडीला परवडणारे नाही. तरीही वर्गाचा आकार अडवतो तो पद्धतीचा दुसरा भाग. आपल्या क्षेत्रातले लोक काम कसे करतात हे आधी पाहायला तुकडीचा आकार आड येत नाही.

महाराष्ट्राशी या कामाचा थेट धागा आहे. नर्सेसियन यांच्या गटात संशोधन केलेले आणि त्यांच्यासोबत प्रतिकृती-रचनेवर शोधनिबंध लिहिलेले संजय चंद्रशेखरन पुढे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आले. तिथे अभियांत्रिकी शिक्षणाकडे पाहताना सूक्ष्म जलविद्युत यंत्रणा उभारणाऱ्या, अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माणसांच्या कामाचाही अभ्यास झाला. ओढ्याचे पाणी, घरांची गरज, दुरुस्ती कोण करणार हे सगळे ही माणसे एकाच वेळी विचारात घेतात. कार्यक्षमतेच्या एका आकड्यापुरते पाहणाऱ्या पाठ्यपुस्तकी डिझाइनपेक्षा ही रीत वेगळी, आणि अभ्यासक्रमाला बरेच देऊ शकणारी आहे.

आयआयटी मुंबईतले 1985 साली स्थापन झालेले, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणारे ‘सितारा’ (CTARA) केंद्र याच्या जवळचे, पण वेगळे उदाहरण. तिथल्या तंत्रज्ञान आणि विकास या एम.टेक. अभ्यासक्रमात विद्यार्थी गावात मुक्काम करून पाणी, ऊर्जा, शेती यांचे प्रश्न समजून घेतात. तिथे क्षेत्राभ्यास विद्यार्थी करतो आणि गाव हा त्याचा विषय असतो. अटलांटात क्षेत्राभ्यास संशोधकांनी केला आणि विषय होता खुद्द विद्यार्थ्याचे शिकणे. नळपाणी योजना का बंद पडली हे शोधत गावात फिरणारा विद्यार्थी त्या काळात काय काय शिकतो, कोणाकडून शिकतो आणि कुठे अडतो, हे शेजारी बसून टिपले तर दोन्ही प्रवाह एकत्र येतील.