साबण लागताच हळदीचा डाग लाल का होतो?

हळद लागली, की दुसऱ्या दिवशी नवरदेवाचं धोतर धुवायला निघतं. साबणाची वडी फिरताच पिवळे डाग लालभडक होतात. लहानपणी विहिरीवर हे पाहून मी घाबरले होते. आजी म्हणाली, "भेऊ नको बाप्पा, हयद हाय ते."

हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं नाव कुर्कुमिन. 1815 मध्ये व्होगेल आणि पेल्टिए यांनी ते वेगळं काढलं. त्याची रचना उलगडायला 1910 उजाडलं. साबण, सोडा, चुना हे सारे क्षार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ. क्षार भेटला, की कुर्कुमिनच्या रेणूतला हायड्रोजन सुटतो, रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! हळद आणि चुन्यापासून कुंकू करणाऱ्या बायकांना रेणू ठाऊक नव्हता, पण त्याचा स्वभाव पक्का ठाऊक होता. मला हे शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून जवसाच्या तेलाच्या फोडणीत चिमूटभर हळद पडली, की सगळं वरण पिवळं होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुर्कुमिन 6 टक्क्यांच्या वर भरतं. एरवीच्या हळदीत ते साधारण 2 ते 5 टक्के असतं. हळदीला फूल येतं, पण बी धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, तीन संच असतात, त्यामुळे बीज तयार होताना त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. लागवड होते ती गड्ड्यांच्या बेण्यातून. म्हणजे वायगावचं आजचं रोप हे जुन्याच रोपाचा तुकडा आहे, आणि ते वाण टिकलं ते दरवर्षी कुणीतरी बेणं राखून ठेवलं म्हणून. एका वर्षी सगळंच विकून टाकलं असतं, तर बियाणं म्हणून मागे काहीच उरलं नसतं.

खणून काढलेली हळद आधी शिजवतात. त्यानं डोळे मरतात, कोंब फुटत नाही. आतला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग हळकुंडभर सारखा पसरतो आणि वाळायलाही वेळ कमी लागतो. मग दहा-पंधरा दिवस ऊन. रात्री ढीग करून झाकायचं. हळकुंडाचा रंग सालीआड असतो. दळल्यावर मात्र भुकटी उजेडात ठेवू नये, कारण प्रकाशानं कुर्कुमिन मोडतं.

रंगारी हळदीवर म्हणूनच भिस्त ठेवत नाहीत. बहुतेक वनस्पती-रंगांना कापड धरायला तुरटी लागते, हळद तशीच सुती कापडाला चिकटते. पण उन्हापुढे तिचं काही चालत नाही. आजीनं ते लाल झालेलं धोतर खळखळून धुतलं, पिवळं झाल्यावर पिळलं आणि दोन दिवस भर उन्हात काटेरी कुंपणावर वाळत टाकलं. तिसऱ्या दिवशी डाग शोधावा लागत होता.