दम्याचा पंप नीट कसा घ्यावा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंप नेमाने घेऊनही रात्री खोकल्याने जाग येते, जिना चढताना धाप लागते, अशी तक्रार घेऊन औषध बदलून मागणारे ग्राहक आमच्या दुकानात नेहमी येतात. अशा वेळी आम्ही त्यांना आमच्यासमोर एकदा पंप घेऊन दाखवण्याची विनंती करतो, कारण पुष्कळदा औषध योग्यच असते, परंतु ते फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही.

पंपातला फवारा अतिशय वेगाने सुटतो. श्वास आणि बोटाचा दाब यांचा मेळ बसला नाही, तर त्यातले बहुतेक औषध जिभेवर आणि घशाच्या मागच्या भागावर आदळून तिथेच राहते. म्हणून टोपण काढून पंप चांगला हलवावा, ताठ बसून श्वास सावकाश बाहेर सोडावा, पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, आणि श्वास आत घ्यायला सुरुवात होताच डबी एकदाच दाबून तोच श्वास संथपणे, खोलवर ओढत राहावा. त्यानंतर मनात दहा आकडे मोजेपर्यंत, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखून धरावा. दुसरा फवारा सांगितलेला असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून मगच घ्यावा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप घेण्यापूर्वी सोबतच्या सूचनेप्रमाणे काही फवारे हवेत सोडावे लागतात.

हा मेळ साधणे अनेकांना अवघड जाते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. अशांनी पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचे पोकळ नळकांडे, जोडावा. स्पेसर फक्त लहान मुलांसाठी असतो, हा गैरसमज आहे. फवारा आधी त्या नळकांड्यात उतरतो, त्यामुळे घाई न करता श्वास घेता येतो आणि घशात औषधही कमी बसते. एका वेळी एकच फवारा सोडावा. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने आतून पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि औषध भिंतींनाच चिकटते.

कॅप्सूल घालून घ्यायच्या यंत्राची रीत मात्र याच्या अगदी उलट आहे. तिथे भुकटी श्वासाच्या जोरानेच उडत असल्याने श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो. यंत्रात फुंकू नये, कारण ओलाव्याने भुकटीच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात कॅप्सूल आधीच वेष्टनातून काढून ठेवू नये. ही कॅप्सूल गिळायची नसते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

पंपाची सवय लागेल, ही भीती आजही अनेक घरांत आहे, पण ती निराधार आहे. दम लागल्यावर आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे कितीतरी पट मोठी असते. दम लागल्यावर लगेच आराम देणारा पंप आणि श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा स्टेरॉइडचा रोजचा पंप, यांतला फरक डॉक्टरांकडून समजून घ्यावा. बरे वाटते म्हणून रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येण्याची शक्यता कमी होते.

औषध संपल्यावरही पंपातून फवारा सुटत राहू शकतो, त्यामुळे आवाजावर भरवसा ठेवू नये. पंपावर आकडा दिसत नसल्यास सुरू केल्याची तारीख खोक्यावर लिहावी : १२० फवाऱ्यांचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे घेतल्यास ३० दिवस पुरतो. आराम देणारा पंप घेऊनही दम ओसरत नसेल, एक वाक्य सलग बोलवत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर थांबून वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न झोपवता बसते ठेवावे.