व्हायोलिननिर्मिती व जीर्णोद्धार

स्प्रूस व मेपल या लाकडांपासून हाताने व्हायोलिन घडविण्याची आणि जुनी वाद्ये वाजती ठेवण्याची यूरोपीय कारागिरी. उत्तर इटलीतील क्रेमोना हे तिचे प्रमुख केंद्र. तेथील परंपरेचा यूनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला.

उगमाविषयी मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात काहींनी जनकत्वाचा मान फ्रान्समधील ल्याँ येथील वाद्यकार गास्पार टीफेनब्रुकरला दिला. त्याच्या नावाच्या, १५१० च्या दशकातील म्हणविल्या जाणाऱ्या वाद्यांवर हे मत उभे होते. पण त्याचा जन्मच १५१४ च्या सुमाराचा असून ती वाद्ये उत्तरकालीन ठरली आहेत. इटलीतील ब्रेशाच्या गास्पारो दा सालोचेही (१५४०–१६०९) नाव घेतले जाते. मात्र चित्रकार गाउदेन्त्स्यो फेर्रारीने सारोन्नोच्या चर्चमधील घुमटावर सु. १५३५ मध्ये रंगविलेल्या देवदूतांच्या हाती व्हायोलिन कुलातील वाद्ये दिसतात. म्हणजे आकार त्याआधीच घडत आला होता. तो क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीने (सु. १५०५–७७) स्थिर केला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रख्यात व्हायोलिनकार आंतोन्यो स्ट्राडिव्हारी (सु. १६४४–१७३७) याच परंपरेतला.

वरची पाटी स्प्रूसची, तर पाठ, कडा व मान मेपलची असते. साच्याभोवती कडा वाकवून बसवितात. पाट्या छिन्नी व छोट्या रंध्यांनी आतबाहेर कोरतात. वरची पाटी साधारणतः अडीच ते तीन मिमी. राहते, पाठ मध्यभागी त्याहून जाड. सांधे प्राणिज सरसाने जोडतात.

स्ट्राडिव्हारीच्या रोगणाबद्दल बरीच गूढे रचली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच्या पाच वाद्यांच्या रासायनिक तपासणीत सुकणारे तेल, पाइनची राळ व काही रंगद्रव्ये, एवढेच प्रामुख्याने आढळले. लाकूड थंड हवामानात सावकाश वाढल्याने दाट झाले, हे २००३ मध्ये मांडलेले गृहीतक आकर्षक असले, तरी केवळ त्याने नाद उलगडत नाही.

सरस ऊब व ओलाव्याने सुटतो, म्हणून जीर्णोद्धारासाठी वाद्य उघडता येते. तडे सांधून आतून लाकडाचे तुकडे लावतात. १८०० च्या सुमारापासून जुन्या वाद्यांच्या माना लांब व अधिक कलत्या करण्यात आल्या. मानेच्या टोकाचे मूळ मळसूत्री शिर मात्र बहुधा नव्या मानेवर जोडून राखले. आतील चिठ्ठीवरून कर्ता ठरविणे धोक्याचे, कारण स्ट्राडिव्हारीचे नाव कारखानी वाद्यांतही सर्रास आढळते. वर्षवलयांवरूनही झाड कोणत्या सालापर्यंत उभे होते एवढीच खालची मर्यादा कळते, वाद्य घडल्याचे वर्ष नव्हे.