फाइल पुसली, की इथे कधी नव्हतीच?

दोन संगणक, दोन्हींवर एकच फोल्डर. एकावर 'अहवाल' नावाची फाइल आहे, दुसऱ्यावर नाही. सिंक करणाऱ्या, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल सारख्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने काय करावे? फाइल नवी असेल तर ती दुसरीकडे पाठवायला हवी. दुसरीकडे कुणी ती मुद्दाम पुसली असेल तर पहिलीकडूनही काढायला हवी. दोन्ही फोल्डर कितीही निरखले तरी याचे उत्तर त्यांत नसते. ते असते तिसऱ्या ठिकाणी, मागच्या सिंकच्या वेळी काय स्थिती होती याच्या नोंदीत. सिंकमधल्या चमत्कारिक बगचा माग काढताना मी सगळ्यात आधी या नोंदीकडे पाहतो, कारण या सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणजे बराचसा या नोंदीचाच इतिहास आहे.

सुरुवातीच्या साधनांना तिची गरज नव्हती. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारे आरसिंक हे साधन आणले, तेव्हा अडचण होती संथ लाइनची. फाइलचे तुकडे पाडायचे, तुकड्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले छोटे ओळख-आकडे) जुळवायचे आणि फक्त बदललेला भाग पाठवायचा, ही त्यांची युक्ती आजही थक्क करते. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे वापरणाराच सांगत असल्यामुळे पुसलेल्या फाइलचा पेच तिथे उभाच राहत नव्हता. मात्र कोणती फाइल तपासायची हे आरसिंक एरवी दोनच गोष्टींवरून ठरवते: आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ. इथूनच तक्रारींची एक मोठी जात सुरू झाली. पेन ड्राइव्हवर सापडणारी जुनी फॅट फाइलप्रणाली बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांत लिहिते, आणि तीही स्थानिक वेळेनुसार. त्यामुळे हात न लावलेल्या फाइलसुद्धा पुन्हा पुन्हा कॉपी होत. जिथे घड्याळे वर्षातून दोनदा पुढेमागे करतात, तिथे तर एका रात्रीत सगळा ड्राइव्ह तासाभराने 'बदललेला' दिसे. वेळेतला थोडा फरक माफ करणारा 'मॉडिफाय-विंडो' हा पर्याय आरसिंकमध्ये आहे तो याच कारणाने.

घड्याळावर विसंबू नये हे संशोधकांना मात्र आधीच उमगले होते. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम घड्याळाशिवाय कसा लावायचा, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडले होते. १९८३ मध्ये लोकस या प्रणालीवर काम करणाऱ्या गटाने 'व्हर्जन व्हेक्टर' सुचवला. कोणत्या यंत्राने फाइल किती वेळा बदलली याचे आकडे फाइलसोबतच ठेवायचे. दोन प्रतींचे आकडे ताडले की एक दुसरीच्या पुढची आहे, की दोन्ही स्वतंत्रपणे बदलल्या आहेत, हे घड्याळ न पाहता कळते. सिंकथिंगसारखी आजची साधनेही हेच तत्त्व वापरतात.

दोन्ही बाजूंनी चालणारे सिंक नीट व्याख्येत बसवण्याचे श्रेय मी बेंजामिन पिअर्स यांच्या गटाला देईन. १९९८ च्या सुमारास त्यांनी मुळातला प्रश्न विचारला: असे सॉफ्टवेअर नेमके काय करण्याचे वचन देते? त्यांच्या युनिसन या सिंक सॉफ्टवेअरमध्ये मागच्या सिंकची नोंद दोन्ही यंत्रांवर जपली जाते. एकीकडेच बदल झाला असेल तर तो पुढे न्यायचा. दोन्हीकडे झाला असेल तर कशालाही हात न लावता माणसाला विचारायचे. पुसलेल्या फाइल पुन्हा उगवतात या नेहमीच्या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. नोंद हरवली, की सॉफ्टवेअरच्या लेखी पुसलेली फाइल आणि नवी फाइल यांत फरक उरत नाही. मग ते सावध मार्ग धरते आणि फाइल परत आणते.

नावांचा घोळ वेगळा, आणि मराठी लिहिणाऱ्याला तो जवळून भेटतो. 'दुसऱ्या' मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक सलग अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता अशा जोडीने. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना त्याची फोड करत असे. लिनक्स मात्र दिलेले बाइट तसेच ठेवते. डोळ्यांना नाव एकच दिसते, पण सॉफ्टवेअरने काळजी घेतली नसेल तर त्याला दोन फाइल दिसतात: एक नाहीशी झालेली, एक नव्याने आलेली. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद, विंडोजला न चालणारा विसर्गासारखा कोलन, फाइलच्या पूर्ण पत्त्यावरची विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा, हे सगळे याच कुळातले.

कधी एररचा मजकूरच भलतीकडे नेतो. फोल्डरमधला बदल लगेच कळावा म्हणून २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आयनोटिफाय ही सोय आली. त्यात प्रत्येक उपफोल्डरवर स्वतंत्र पहारा लावावा लागतो, आणि अशा पहाऱ्यांची मर्यादा बराच काळ साधारणपणे ८,१९२ होती. ती संपली की प्रणाली 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' अशा अर्थाची एरर देते. डिस्क अर्धी रिकामी असताना लोक फाइल पुसत बसले, ते या मजकुरामुळे. खरा इलाज मर्यादा वाढवण्याचा. २०२१ च्या ५.११ कर्नलपासून ती मेमरीच्या प्रमाणात आपोआप ठरते.

२००८ मध्ये ड्रॉपबॉक्स खुले झाले आणि हा विषय प्रयोगशाळेबाहेर आला. दोघांनी एकच फाइल बदलली तर माणसाला अडवून विचारण्याऐवजी दुसरी प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवायची, ही पद्धत रूढ झाली. ती प्रत पाहून अनेकांना बिघाड झाल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात त्याच प्रतीमुळे कुणाचेतरी काम वाचलेले असते.

तरीही बग उरलेच. २०१६ मध्ये जॉन ह्यूज, पिअर्स आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक कृती घडवून सिंक सेवा तपासल्या, तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या दोन सेवांचे अनपेक्षित वर्तन समोर आले. ड्रॉपबॉक्सने २०२० मध्ये आपले सिंक इंजिन रस्ट भाषेत नव्याने लिहिल्याचे सांगितले. त्याच्या गाभ्याशी तीन वृक्ष, म्हणजे फाइल-फोल्डरांचे तीन आराखडे आहेत: सर्व्हरवरची स्थिती, संगणकावरची स्थिती आणि दोन्ही शेवटी जुळल्या तेव्हाची स्थिती. त्याच्या चाचण्याही यादृच्छिक, पण प्रत्येकीचा बीजांक, म्हणजे ज्या आकड्यापासून त्या यादृच्छिक कृती ठरतात तो, जपलेला. तोच आकडा दिला की तोच बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडतो.

वापरणाऱ्याकडे असा बीजांक नसतो, लॉग असतो, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय केले याची यादी. अडचण आली की सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवा, असा सल्ला पटकन दिला जातो. त्याने कधीकधी काम होतेही. पण त्यात लॉग जाऊ शकतो आणि मागच्या सिंकची ती नोंदही जाऊ शकते. म्हणून आधी लॉगची प्रत बाजूला काढावी, दोन्ही यंत्रांची घड्याळे पाहावीत, अडलेल्या फाइलच्या नावातले बाइट तपासावेत, आणि दोन्हीकडच्या फोल्डरचा बॅकअप घेतल्याशिवाय त्या नोंदीला हात लावू नये.