लोकल चॅनल: सोलापूरचा तारेवरचा टीव्ही

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा शहरातली सगळीच माणसं तिथं पोचू शकत नाहीत. गुडघ्यांनी दगा दिलेली आजी, बाळंतीण, दुकान सोडता न येणारा माणूस, हे सगळे टीव्हीसमोर असतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ हा गजर एकदा रस्त्यावरून ऐकू येतो आणि क्षणभरानं टीव्हीतून. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, ही मिरवणूक घरात आणणारी वाहिनी दिल्लीची नसते, बहुतेक वेळा मुंबईचीही नसते. ‘लोकलला लाव’ म्हटलं की रिमोट ज्या नंबरावर जातो, ते गावातल्या केबलवरचं चॅनल असतं.

याला कुणी ‘टीव्ही स्टेशन’ म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली खासगी आयटीव्ही सुरू झाली तीच प्रांतवार परवाने वाटून. लंडनची कंपनी वेगळी, मँचेस्टरकडची ग्रॅनडा वेगळी. जाहिरातीचा पैसा मिळवा, पण आपल्या भागाचे कार्यक्रम दाखवा, अशी अट होती. अमेरिकेतही शहराशहरांत परवानाधारक केंद्रं उभी राहिली. आपल्याकडे असा परवाना कधी निघालाच नाही. जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवण्याचा हक्क आजही फक्त दूरदर्शनकडे आहे. एफएम रेडिओचे लिलाव झाले, सोलापुरातही खासगी एफएम आलं. टीव्हीच्या टॉवरचा लिलाव मात्र झाला नाही. त्यामुळे सोलापूरचा टीव्ही हवेतून आलाच नाही, तो तारेवरून आला. त्याचे बरेचसे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

शेजारच्या खेड्यांत टीव्ही तसा लवकर पोचला होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा उपग्रह प्रयोग झाला. त्यातल्या २४०० गावांत विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली गावं होती. म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडे, सीमा ओलांडली की कन्नड कार्यक्रम, तेही शेती आणि आरोग्याचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण त्याच्या लहरी सोलापूरपर्यंत येणं शक्य नव्हतं. ऐंशीच्या दशकात देशभर लहान प्रक्षेपक उभे राहिले आणि सोलापूरकरांच्या पत्र्यांवर, गच्च्यांवर अँटेना दिसू लागले. त्या केंद्रांचं काम एकच होतं: वरून येईल ते पुढे ढकलायचं. सुरुवातीला ते बहुतेक दिल्लीचंच असे. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही, गावाबद्दल एक शब्द नाही. सोलापूरची बातमी हवी तर ‘संचार’ वाचायचा, आवाज हवा तर आकाशवाणीचं सोलापूर केंद्र लावायचं.

गावाचा टीव्ही सुरू झाला तो व्हीसीआरपासून. एका खोलीत व्हीसीआर, तिथून निघालेली वायर, आणि गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर अशी ती आसपासच्या घरांत. रोज कॅसेटवरचा पिक्चर. सोलापूरची वस्तीच या धंद्याला सोयीची होती. गिरणीच्या चाळी एकमेकींना चिकटलेल्या. तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग, वर घर, आणि शेजारच्या घराची भिंत हात पुरेल इतकी जवळ. थोड्या वायरीत पुष्कळ गिऱ्हाईक. दुपारी सूप मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या बायकांना हात चालू ठेवून बघता येईल असं काहीतरी हवंच होतं. तिथं तेलुगू पिक्चर लागला तर कुणाची तक्रार नसे. कॅसेटचे हक्क वगैरे कुणी विचारत नव्हतं. थिएटरवाले मात्र चिडले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

१९९१ च्या, उपग्रहावरून थेट दिसलेल्या आखाती युद्धानं आणि त्याच वर्षी आलेल्या स्टार टीव्हीनं या धंद्याला छत्री, म्हणजे डिश अँटेना, दिली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झालं आणि केबल घेणं ही चैन राहिली नाही. कायदा मागून आला. सप्टेंबर १९९४ चा अध्यादेश, मग १९९५ चा केबल टेलिव्हिजन कायदा. केबलवाल्यानं नोंदणी करायची ती कुठं, तर हेड पोस्ट ऑफिसात! दूरदर्शन दाखवणं सक्तीचं झालं. व्हीसीआरवरून दाखवलेला पिक्चरही कायद्याच्या व्याख्येत ‘कार्यक्रम’ ठरला. वायरीवर उरलेल्या एखाद्या मोकळ्या जागेत आपलं काहीतरी लावायला इतका आधार पुष्कळ होता.

सोलापूरचा भाषेचा हिशोब इथं वेगळा लागतो. १९९३ मध्ये तमिळ सन टीव्ही, १९९४ मध्ये कन्नड उदया, १९९५ मध्ये ई टीव्ही तेलुगू सुरू झालं. अल्फा टीव्ही मराठी आलं १५ ऑगस्ट १९९९ ला, ई टीव्ही मराठी जुलै २००० मध्ये. म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराच्या आणि कन्नड बोलणाऱ्या किराणावाल्याच्या घरी मातृभाषेतली खासगी वाहिनी मराठी शेजाऱ्याच्या कितीतरी आधी पोचली. आणखी गंमत म्हणजे ई टीव्हीच्या मराठी बातम्या वाचल्या जायच्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत. सोलापूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतून बातम्या घेण्याची सवय मात्र या वाहिनीनं लावली. त्याआधी आषाढीची महापूजा सोडली तर सोलापूर जिल्हा टीव्हीवर दिसायचा तो दुष्काळात.

राज्याच्या वाहिनीला सोलापूरची दीड मिनिटांची बातमी पुरते. गावाला तेवढी पुरत नाही. आज कोणत्या भागात पाणी येणार, किती वाजता, हे सोलापुरात बातमीपेक्षा मोठं. पाणी रोज येत नाही, म्हणून चुकलं की पुढच्या पाळीपर्यंत घागरी कोरड्या. लोकल चॅनलचा जीव या असल्या गोष्टींत होता. संध्याकाळचं बातमीपत्र, महापालिकेच्या सभेतला गोंधळ, गणपतीची विसर्जन मिरवणूक, १४ एप्रिलची मिरवणूक, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, शाळेचं गॅदरिंग. कॅमेरा धरणारा बहुधा लग्नाचं शूटिंग करणाराच. त्यामुळे बातमीतही तो माणसांचे चेहरे एकेक करून, सावकाश दाखवत जायचा. मुंबईच्या संपादकाला ते रटाळ वाटलं असतं. इथं मात्र प्रत्येकाला आपला चेहरा बघायचा होता.

पैसा यायचा पडद्याच्या खालच्या पट्टीतल्या जाहिरातींतून. सराफ, चादरीचं दुकान, क्लासेस, नवा दवाखाना, ‘कारागीर पाहिजेत’. मुंबईच्या वाहिनीवर यांना दहा सेकंदही परवडणार नाहीत, आणि परवडले तरी जाहिरात नागपूरला दिसून काय उपयोग? त्याच पट्टीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली एकामागोमाग फिरायच्या. नगरसेवकाचा वाढदिवस असला की पट्टी दिवसभर त्याचीच. अशा चॅनलला त्याच नगरसेवकाविरुद्ध बोलणं किती जमणार, हे सांगायला नको. शिवाय वायर ज्याच्या हातात, चॅनल त्याच्या हातात. वायरवाल्याचं बिनसलं की चॅनल एका रात्रीत पडद्यावरून गायब.

मोठा बदल ३१ मार्च २०१३ चा. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूरही होतं. सेट टॉप बॉक्स आले. जुन्या वायरीत मॉड्युलेटर, म्हणजे आपलं चित्र वायरीत सोडणारं यंत्र, जोडलं की गल्लीतला केबलवालाही आपलं चॅनल घुसवू शकायचा. आता सगळे सिग्नल मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून कुलूपबंद होऊन येऊ लागले आणि गल्लीच्या हातात फक्त वसुली उरली. ज्यांनी डीटीएचची डिश लावली त्यांच्याकडून लोकल चॅनल पूर्णच गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं या चॅनलांना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणून नियम लावले: चॅनलमागे १००० रुपये नोंदणी, एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत मर्यादा, आणि स्थानिक बातम्या द्यायच्या तर संस्था कंपनी म्हणून नोंदलेली हवी. पन्नाशीत पोचलेल्या मुलाचं बारसं करावं तसं ते झालं. तोवर बघणारा मोबाइलकडे वळला होता. आता यात्रेत जे पोरगं हातात माइक आणि काठीवर फोन घेऊन नंदीध्वजांपुढे उलटं चालत असतं, त्याचं प्रक्षेपण थेट यूट्यूबवर जातं. आजी ते टीव्हीवर शोधते, आणि नातू फोन तिच्यापुढे धरतो.

वीस-पंचवीस वर्षांच्या त्या बातमीपत्रांचं पुढे काय झालं? व्हीएचएस कॅसेट महाग पडायची, म्हणून जुन्या बातम्यांवरच नव्या भरल्या जात. एका मिरवणुकीवर दुसरी मिरवणूक.